झाकलेला चौकोन : आवर्तसारणीच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

आमच्या विज्ञान मंडळासाठी भिंतीवर लावायची आवर्तसारणी तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांत प्रत्येक चौकोनात आकड्यांची दाटी असते, आणि ते आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत ही मुख्य गोष्ट वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या चौकोनावर पुठ्ठ्याची एक झडप राहील. झडपेवर, शेजारच्या मूलद्रव्यांवरून काढलेला अंदाज लिहायचा आणि झडपेखाली प्रत्यक्ष मोजलेली किंमत लिहायची. अंदाज काढताना त्या मूलद्रव्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही असे धरून चालायचे; वापरायचे ते फक्त वरचा, खालचा, डावा आणि उजवा शेजारी.

आज ज्ञात असलेली ११८ मूलद्रव्ये ७ आवर्तांत (आडव्या ओळींत) आणि १८ गणांत (उभ्या स्तंभांत) बसवलेली आहेत. आवर्तांची लांबी अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२ अशी असल्याने, आणि सहाव्या व सातव्या आवर्तांतील लँथॅनाइड व ॲक्टिनाइड या मालिका खाली वेगळ्या ओळींत काढायचे ठरल्याने, प्रत्येकाला चारही शेजारी मिळणार नाहीत. काठावरच्या चौकोनांचे काय करायचे ते काम पुढे सरकल्यावर पाहू.

७ जून

पहिली झडप सेलेनिअमची. वर गंधक (अणुवस्तुमान ३२.०६), खाली टेल्युरिअम (१२७.६०), डावीकडे आर्सेनिक (७४.९२) आणि उजवीकडे ब्रोमीन (७९.९०). या चौघांची सरासरी ७८.६२ येते, सेलेनिअमचे अणुवस्तुमान ७८.९७ आहे. शेजाऱ्यांच्या सरासरीची ही युक्ती दिमित्री मेंडेलीव्ह यांचीच आहे. १८६९ मध्ये त्यांनी सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती, आणि जिथे शेजारी होते पण मधला सापडत नव्हता तिथे त्यांनी जागा मोकळ्या सोडल्या होत्या. म्हणजे आमच्या झडपा निदान उघडता तरी येतात. त्यांच्या काही झडपांखाली त्या वेळी कोणालाच काही दिसत नव्हते.

त्या मोकळ्या जागांपैकी सर्वांत गाजलेली जागा सिलिकॉनच्या खालची. तिथल्या मूलद्रव्याला मेंडेलीव्ह यांनी ‘एका-सिलिकॉन’ म्हटले आणि १८७१ मध्ये त्याचे अणुवस्तुमान सुमारे ७२, घनता ५.५, आणि त्याचे क्लोराइड १०० अंश सेल्सिअसच्या किंचित खाली उकळणारे, घनता १.९ असलेले असेल असे लिहून ठेवले. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलर यांना जर्मेनिअम सापडले. त्याच्या क्लोराइडचा उत्कलनांक सुमारे ८६ अंश आणि घनता १.८८ निघाली.

आम्ही हाच चौकोन आजच्या आकड्यांनी पुन्हा झाकला. सिलिकॉन, कथील, गॅलिअम आणि आर्सेनिक यांच्या अणुवस्तुमानांची सरासरी ७२.८६ आली, जर्मेनिअमचे अणुवस्तुमान ७२.६३ आहे. घनतेचा निकाल तर चकित करणारा आहे. चार शेजाऱ्यांच्या घनता २.३३, ७.२९, ५.९१ आणि ५.७३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, त्यांची सरासरी ५.३२, आणि मोजलेली घनताही ५.३२. इतका तंतोतंत मेळ हा काही अंशी योगायोगच म्हणायला हवा, परंतु उत्तर पाच-सहाच्या आसपास येणार एवढे सारणीने नक्कीच सांगितले होते.

मग द्रवणांक घेतला आणि गाडी अडली. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते, कथील २३२ अंशांना, गॅलिअम अवघ्या ३० अंशांना; आर्सेनिक नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही, थेट वाफ होते, आणि दाबाखाली वितळवल्यास ८१७ अंश लागतात. सरासरी सुमारे ६२३ अंश येते, तर जर्मेनिअमचा द्रवणांक ९३८ अंश आहे. ज्या चार शेजाऱ्यांनी घनता बिनचूक सांगितली, तेच इथे तीनशे अंशांनी चुकले.

११ जून

चार दिवस या द्रवणांकाच्या प्रश्नावरच चर्चा चालू होती. अणुवस्तुमान, अणुत्रिज्या, आयनीभवन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) हे एकेकट्या अणूचे गुणधर्म आहेत, आणि सारणी मांडलेली आहे ती अणूंचीच. द्रवणांक मात्र असंख्य अणू एकत्र आल्यावर त्यांची रचना कशी होते यावर ठरतो. सिलिकॉन आणि जर्मेनिअम यांच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजारी अणूंना सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन, घट्ट जोडलेला असतो, आणि हे जाळे मोडल्याखेरीज पदार्थ वितळत नाही. गॅलिअमच्या स्फटिकात प्रत्येक अणूला एकच शेजारी विशेष जवळचा असतो आणि बाकीचे दूर असतात, त्यामुळे ती मांडणी थोड्या उष्णतेने विस्कटते. विस्कटली तरी अणू एकमेकांना सोडत नाहीत. ३० अंशांना वितळणारे गॅलिअम उकळायला २२०० अंशांहून अधिक तापमान लागते. केवळ द्रवणांक पाहून ‘गॅलिअममधले बंध दुबळे आहेत’ असे कोणी म्हणाले, तर उत्कलनांक त्याला खोटे पाडतो.

सारणीतील प्रवृत्ती शिकवताना पहिले उदाहरण द्रवणांकाचे घेण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. माझ्या मते त्यासाठी याहून गैरसोयीचा गुणधर्म शोधून सापडणार नाही.

नवा नियम असा ठरला, की द्रवणांक आणि उत्कलनांक यांच्यासाठी आडवे शेजारी वगळायचे आणि फक्त उभे शेजारी घ्यायचे, कारण एकाच गणात स्फटिकाचा किंवा रेणूचा प्रकार बहुधा सारखा राहतो. रुबिडिअमवर हा नियम लावून पाहिला. पोटॅशिअम ६३.५ अंशांना वितळते, सीझिअम २८.४ अंशांना, मधला आकडा ४६, आणि रुबिडिअम ३९.३ अंशांना वितळते. आयनीभवन ऊर्जा पोटॅशिअमची ४१९ आणि सीझिअमची ३७६ किलोज्यूल प्रति मोल. मधला आकडा ३९७.५, आणि रुबिडिअमची ४०३.

ब्रोमीनची झडप सर्वांना विशेष आवडली. क्लोरीन उणे १०१.५ अंशांना वितळतो आणि उणे ३४ अंशांना उकळतो, आयोडीन ११३.७ अंशांना वितळते आणि १८४ अंशांना उकळते. मधले आकडे ६ आणि ७५. याचा सरळ अर्थ असा, की २५ अंश तापमानाला हे मूलद्रव्य द्रव असले पाहिजे. झडप उघडल्यावर उणे ७.२ आणि ५८.८ हे आकडे दिसतात. आकडे थोडे सरकलेले असले तरी निष्कर्ष अचूक आहे. सामान्य तापमानाला द्रव असणारी मूलद्रव्ये दोनच आहेत, ब्रोमीन आणि पारा. त्यांतले एक, सारणीने न पाहता ओळखले. पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

१५ जून

आज आकडेमोड बाजूला ठेवून प्रयोगशाळेत तिसऱ्या आवर्तातून चालत गेलो. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना ऑक्साइडे आम्लारिधर्मी ते आम्लधर्मी अशी बदलत जातात. हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण तो बदल नेमका कुठे होतो हे डोळ्यांनी पाहिलेले फार थोड्यांनी असते.

तीन परीक्षानळ्यांत सोडिअम सल्फेट, मॅग्नेशिअम सल्फेट आणि ॲल्युमिनिअम सल्फेट यांची विरल द्रावणे घेतली आणि प्रत्येकीत सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले. पहिल्या नळीत काहीच घडले नाही, कारण सोडिअमचे हायड्रॉक्साइड पाण्यात पूर्ण विरघळते. दुसऱ्या नळीत पांढरा अवक्षेप आला, आणि कितीही हायड्रॉक्साइड घातले तरी तो तसाच राहिला. तिसऱ्या नळीतही सुरुवातीला पांढराच अवक्षेप आला, पण तो जेलीसारखा बुळबुळीत आणि अर्धपारदर्शक होता. थेंब टाकत राहिल्यावर तो आधी दाट झाला, मग कडांपासून विरत गेला, आणि नळी हलवल्यावर द्रावण पाण्यासारखे स्वच्छ झाले. त्याच नळीत आता विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडले, तर तोच अवक्षेप परत आला आणि आम्ल वाढवल्यावर पुन्हा नाहीसा झाला. एकच पदार्थ आम्लातही विरघळतो आणि आम्लारीतही, म्हणजे तो उभयधर्मी आहे.

चौथा चौकोन सिलिकॉनचा. सोडिअम सिलिकेटच्या द्रावणात आम्ल घातल्यावर सिलिकेचा जेल खाली बसतो; म्हणजे इथे पारडे फिरले, हा पदार्थ आम्लारीबरोबर द्रावणात राहतो आणि आम्लाने बाहेर पडतो. त्यापुढे फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीन यांची वरच्या संयुजेची (संयुजा म्हणजे अणूची बंध करण्याची क्षमता) ऑक्साइडे पाण्याबरोबर थेट आम्लेच देतात. बदलाचा उंबरठा ॲल्युमिनिअमपाशी आहे, आणि मॅग्नेशिअम व ॲल्युमिनिअम या लगतच्या दोन चौकोनांमधला फरक त्या दोन परीक्षानळ्यांत स्पष्ट दिसला.

कारण अणूच्या रचनेत आहे. सोडिअमपासून क्लोरीनपर्यंत बाहेरचे कवच तेच, तिसरे, पण केंद्रकावरील धनप्रभार ११ पासून १७ पर्यंत वाढत जातो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड घट्ट होते, अणू आकुंचन पावतो, आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन टाकणारे मूलद्रव्य हळूहळू ऑक्सिजनशी इलेक्ट्रॉन वाटून घेणारे होते. सोडिअमच्या हायड्रॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल गट सुटतो, तर गंधकाच्या आम्लातून हायड्रोजन सुटतो. ॲल्युमिनिअमच्या बाबतीत दोन्ही शक्य असते आणि समोर काय आले त्यावर ते ठरते.

१८ जून

आयनीभवन ऊर्जेच्या झडपा. दुसऱ्या आवर्तातील आकडे किलोज्यूल प्रति मोल या एककात असे आहेत: लिथिअम ५२०, बेरिलिअम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. चढ सर्वसाधारणपणे सरळ आहे, पण बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्यापाशी दोन पायऱ्या खाली उतरतात. तिसऱ्या आवर्तात पुन्हा त्याच जागी, मॅग्नेशिअम ७३८ वरून ॲल्युमिनिअम ५७८ वर आणि फॉस्फरस १०१२ वरून गंधक १००० वर, उतार येतो. अनियमितता जर एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिलाही नियमच म्हटले पाहिजे. बोरॉन आणि ॲल्युमिनिअम यांच्यात पहिल्यांदाच एक इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचाच्या ‘पी’ या उपकवचात (कवचाच्या पोटभागात) जातो, आणि तो ‘एस’ उपकवचातील इलेक्ट्रॉनांपेक्षा सैल असतो. ऑक्सिजन आणि गंधक यांच्यात ‘पी’ उपकवचातील एका कक्षकात (जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनांच्या जागेत) पहिल्यांदा दोन इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, आणि त्यांच्या आपसांतील प्रतिकर्षणामुळे एकाला बाहेर काढणे थोडे सोपे जाते.

दुपारी एका सहकाऱ्याने मूलद्रव्याचे नाव न सांगता माझ्यासमोर चार आकडे ठेवले: ५७८, १८१७, २७४५, ११५७७. एकाच अणूतून पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ही ऊर्जा. तिसऱ्यानंतर आकडा चौपटीहून अधिक उडी घेतो, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात होते आणि चौथा आतल्या भरलेल्या कवचातून ओढावा लागला. गण १३, संयुजा ३. पहिल्या आकड्यावरून तिसऱ्या आवर्तातला, म्हणजे ॲल्युमिनिअम. “गॅलिअम का नाही?” असा योग्य प्रश्न त्याने विचारला, कारण गॅलिअमची पहिली आयनीभवन ऊर्जा ५७९ आहे. चौथ्या आकड्यावरून फरक करता येतो; ॲल्युमिनिअममध्ये चौथा इलेक्ट्रॉन निऑनसारख्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो, तर गॅलिअममध्ये तो ‘डी’ उपकवचातून निघतो आणि त्याला बरीच कमी ऊर्जा पुरते. पण ५७८ आणि ५७९ हे दोन आकडे इतके जवळ का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला.

२२ जून

आज सारणी उलट दिशेने वापरून पाहिली. शेजाऱ्यांवरून अज्ञात मूलद्रव्य ओळखता येते, तर ज्ञात मूलद्रव्याचा नोंदलेला आकडा संशयास्पद आहे हेही शेजारी सांगू शकले पाहिजेत. मेंडेलीव्ह यांनी हे केले होते, आणि माझ्या दृष्टीने त्यांचे हे काम नव्या मूलद्रव्यांच्या भाकितांइतकेच धाडसी होते, कारण भाकीत चुकले तर एक मोकळी जागा तशीच राहते, पण इथे ते इतरांनी मोजलेल्या आकड्यांना आव्हान देत होते.

त्या काळी प्रयोगातून थेट मिळत असे ते समतुल्य वस्तुमान, म्हणजे हायड्रोजनच्या एका भाराशी जुळणारा मूलद्रव्याचा भार. त्याला संयुजेने गुणले की अणुवस्तुमान मिळे. बेरिलिअमचे समतुल्य वस्तुमान सुमारे ४.५. त्याची रसायने ॲल्युमिनिअमसारखी वागत, म्हणून अनेकांनी संयुजा ३ धरली आणि अणुवस्तुमान साडेतेराच्या आसपास काढले. हा आकडा कार्बनच्या १२ आणि नायट्रोजनच्या १४ यांच्यामध्ये पडतो, आणि तिथे चौकोनच नाही. संयुजा २ धरली तर अणुवस्तुमान ९ येते आणि लिथिअमचे ७ व बोरॉनचे ११ यांच्यामधला रिकामा चौकोन बरोबर भरतो. पुढे बेरिलिअम क्लोराइडच्या बाष्पाची घनता मोजल्यावर ९ हाच आकडा खरा ठरला. इंडिअमचीही तीच तऱ्हा: समतुल्य वस्तुमान सुमारे ३८, दोनने गुणल्यास ७६, आणि आर्सेनिक व सेलेनिअम यांच्यामध्ये जागा नाही, तीनने गुणल्यास ११४, आणि कॅडमिअम व कथील यांच्यामधली जागा त्याचीच. युरेनिअमचे अणुवस्तुमान त्यांनी १२० वरून थेट दुप्पट, २४० केले.

बेरिलिअम ॲल्युमिनिअमसारखे का वागते, हा प्रश्न मात्र उरतोच. खाली गेल्यावर अणू मोठा होतो, उजवीकडे गेल्यावर प्रभार वाढतो, आणि एक पाऊल खाली व एक पाऊल उजवीकडे टाकले की हे दोन परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना छेदतात. त्यामुळे तिरप्या शेजाऱ्यांत साम्य दिसते. बेरिलिअमचे ऑक्साइडही उभयधर्मी आहे. लिथिअम आणि मॅग्नेशिअम यांच्यातही असेच तिरपे नाते आहे. अल्कधातूंपैकी एकटे लिथिअमच नायट्रोजनशी सहज संयोग पावून नायट्राइड देते, जसे मॅग्नेशिअम देते. तक्त्यावर या तिरप्या रेषा वेगळ्या रंगाने काढायच्या.

गॅलिअमच्या झडपेवर एक ओळ जास्त लिहायची आहे. ल्कॉक द ब्वाबोद्राँ यांनी १८७५ मध्ये गॅलिअम शोधले तेव्हा त्यांनी मोजलेली घनता ४.७ होती. मेंडेलीव्ह यांनी आपल्या ‘एका-ॲल्युमिनिअम’साठी ५.९ ते ६.० असे लिहिले होते, आणि नमुना पुन्हा शुद्ध करून मोजावा असे त्यांनी सुचवले. पुन्हा मोजल्यावर ५.९ आली.

२५ जून

छोटी नोंद. चौकोन अणुवस्तुमानाच्या क्रमाने लावून पाहिले, तर आरगॉन (३९.९५) आणि पोटॅशिअम (३९.१०) यांची जागा बदलते, आणि पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू राजवायूंच्या (गण १८ मधील, सहसा संयोग न पावणाऱ्या वायूंच्या) रांगेत जाऊन बसतो. टेल्युरिअम-आयोडीन आणि कोबाल्ट-निकेल या जोड्यांतही तेच. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरिअमला गुणधर्मांप्रमाणे आयोडीनच्या आधी ठेवले आणि त्याचे अणुवस्तुमान चुकीचे मोजले असावे असे मानले. इथे मात्र मोजमाप बरोबर होते. १९१३ मध्ये हेन्री मोस्ले यांनी मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांच्या वारंवारता मोजल्या आणि त्यांचे वर्गमूळ अणुक्रमांकाबरोबर समान टप्प्यांनी वाढते असे दाखवले. क्रम ठरतो तो केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येने. वस्तुमान मात्र समस्थानिकांच्या (प्रोटॉन तितकेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंच्या) मिश्रणावर अवलंबून असते. आरगॉन जड भरतो, कारण वातावरणातील जवळजवळ सगळा आरगॉन-४० हा पोटॅशिअम-४० च्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेला आहे.

३० जून

वरच्या काठाचे चौकोन. दुसऱ्या आवर्तातील मूलद्रव्यांना वरचा शेजारी खऱ्या अर्थाने नाही, म्हणून खालून वर रेषा लांबवून अंदाज काढावा लागतो, आणि इथे सारणी आम्हाला वारंवार चकवते.

फ्लोरीन झाकला. हॅलोजनांच्या, म्हणजे फ्लोरीनच्या गणातील मूलद्रव्यांच्या, दोन अणूंमधला बंध तोडायला आयोडीनमध्ये १५१, ब्रोमीनमध्ये १९३ आणि क्लोरीनमध्ये २४२ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते. रेषा वर नेली तर फ्लोरीनसाठी २९०च्या आसपास आकडा यायला हवा. मोजलेला आकडा सुमारे १५९ आहे. इलेक्ट्रॉन स्वीकारताना बाहेर पडणारी ऊर्जा आयोडीनची २९५, ब्रोमीनची ३२५, क्लोरीनची ३४९. फ्लोरीनची ३७० च्या आसपास असावी असे वाटते, तर ती ३२८ निघते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. फ्लोरीनचा अणू इतका लहान आहे, की बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांची दाटी होते, नव्या इलेक्ट्रॉनाला आधीचे ढकलतात, आणि दोन अणू जवळ आले तर त्यांच्या न जोडलेल्या इलेक्ट्रॉनजोड्या एकमेकींना रेटतात. यातून निघणारा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: फ्लोरीन सर्वांत क्रियाशील आहे याचे एक कारण त्याचा स्वतःशी असलेला बंध दुबळा आहे हे आहे. सारणीच्या सरळ रेषेतून हे कारण दिसले नसते. रेषा जिथे मोडली तिथेच ते दिसले.

हायड्रोजनबरोबरच्या संयुगांत हा काठ आणखी ठळक होतो. टेल्युरिअमचे संयुग उणे २, सेलेनिअमचे उणे ४१ आणि गंधकाचे उणे ६० अंशांना उकळते. ऑक्सिजनसाठी रेषा वर नेली तर उणे ७० ते ८० अंश येतात, आणि ऑक्सिजनचे संयुग म्हणजे पाणी, जे १०० अंशांना उकळते. कारण हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतील हायड्रोजनची शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे असलेली ओढ. याउलट कार्बनच्या गणात मिथेनपासून खाली उणे १६१, उणे ११२, उणे ८८, उणे ५२ अशी रेषा कुठेही मोडत नाही, कारण कार्बन हायड्रोजनला तसा बंध करू देण्याइतका विद्युतऋण (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा) नाही. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरीन या तिघांच्याच झडपांवर त्यासाठी खूण करायची.

४ जुलै

ॲल्युमिनिअम आणि गॅलिअम यांच्या आयनीभवन ऊर्जा इतक्या जवळ का, हा वहीत लिहून ठेवलेला प्रश्न आज सुटला, आणि त्याच्याबरोबर झिरकोनिअम व हाफ्निअम इतके सारखे का, हाही.

गणात खाली जाताना कवचे वाढतात आणि अणू मोठा होतो, हा नियम लिथिअम १५२, सोडिअम १८६, पोटॅशिअम २२७, रुबिडिअम २४८, सीझिअम २६५ पिकोमीटर असा सुरेख पाळला जातो. पण ॲल्युमिनिअम १४३ आणि त्याखालचे गॅलिअम १३५. झिरकोनिअम १६० आणि त्याखालचे हाफ्निअम १५९. दोन्ही ठिकाणी वरच्या आणि खालच्या चौकोनांमध्ये मूलद्रव्यांची एक नवीन फळी शिरलेली आहे. ॲल्युमिनिअम आणि गॅलिअम यांच्या दरम्यान दहा संक्रमण धातू पहिल्यांदाच येतात, झिरकोनिअम आणि हाफ्निअम यांच्या दरम्यान लँथॅनाइडांची मालिका येते. या फळीत केंद्रकाचा प्रभार एकेकाने वाढत जातो, पण त्याबरोबर येणारे ‘डी’ आणि विशेषतः ‘एफ’ इलेक्ट्रॉन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांसाठी केंद्रकाला नीट झाकू शकत नाहीत. त्यामुळे बाहेरचे कवच आत ओढले जाते. लँथॅनमच्या तीन धनप्रभारी आयनाची त्रिज्या १०३ पिकोमीटर, आणि मालिकेच्या शेवटी ल्युटेशिअमच्या आयनाची ८६. वाढलेल्या कवचाचा फायदा या आकुंचनाने खाऊन टाकला.

आकार तोच आणि अणुवस्तुमान ९१ वरून १७८ वर, म्हणजे जवळपास दुप्पट. मग घनताही जवळपास दुप्पट व्हायला हवी. झिरकोनिअमची ६.५, हाफ्निअमची १३.३. रासायनिक वागणुकीत दोघे इतके सारखे, की झिरकोनिअमच्या खनिजांत हाफ्निअम दीर्घकाळ लपून राहिले आणि १९२३ मध्ये कोपनहेगन येथे कोस्टर आणि हेव्हेशी यांनी क्ष-किरण वर्णपटावरून ते ओळखले.

मग पारा. जस्त ४१९.५ अंशांना, कॅडमिअम ३२१ अंशांना वितळते. रेषा खाली नेली तर पारा २२० अंशांच्या आसपास वितळायला हवा, आणि तो उणे ३८.८ अंशांनाच वितळतो. आयनीभवन ऊर्जाही जस्त ९०६, कॅडमिअम ८६८ अशी उतरता उतरता पाऱ्यापाशी १००७ वर चढते. इथे लँथॅनाइडांचे आकुंचन पुरत नाही. केंद्रकावर ८० प्रोटॉनांचा प्रभार असताना सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक होतो, सापेक्षता सिद्धान्ताप्रमाणे ‘एस’ कक्षक आकुंचन पावतात, आणि पाऱ्याचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन शेजारी अणूंशी बंध करायला फारसे मोकळे राहत नाहीत. सापेक्षतेचा परिणाम वगळून गणित केले, तर पारा सामान्य तापमानाला स्थायू ठरतो. शेजारच्या सोन्याचा पिवळा रंगही याच कारणाने येतो. चांदीचे शोषण अतिनील भागात राहते, सोन्याचे सरकून निळ्या प्रकाशात येते.

८ जुलै

टेक्नेशिअमची झडप. मँगेनीज, ऱ्हेनिअम, मॉलिब्डेनम आणि रुथेनिअम या चौघांच्या द्रवणांकांची सरासरी सुमारे २३४६ अंश. टेक्नेशिअमचा द्रवणांक सुमारे २१५७ अंश. संक्रमण धातूंत आडवे शेजारीही उपयोगी पडतात हे यातून दिसते, कारण सगळे धातूच आहेत. परंतु या मूलद्रव्याविषयीची सर्वांत महत्त्वाची बाब, म्हणजे त्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही, चारांपैकी कोणताही शेजारी सुचवत नाही. म्हणूनच ते १९३७ पर्यंत हाती लागले नाही.

झिरकोनिअम आणि हाफ्निअम यांचे उदाहरण याहून बोलके आहे. अणुभट्टीतील इंधनावरचे आवरण झिरकोनिअमच्या संमिश्राचे असते, कारण ते न्यूट्रॉन फारच कमी शोषते. हाफ्निअम मात्र त्याच्या पाचशे पटींहून अधिक शोषते आणि म्हणून नियंत्रक कांड्यांसाठी वापरले जाते. रसायनशास्त्रात जुळे असलेले हे दोन धातू कष्टाने वेगळे करावे लागतात, ते पूर्णपणे केंद्रकाच्या कारणासाठी. सारणी इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर उभी आहे. केंद्रकाविषयी ती प्रोटॉनांची संख्या सांगते आणि तिथे थांबते. हे वाक्य तक्त्याच्या माथ्यावर लिहावे असा आग्रह मी धरला आहे.

११ जुलै

गण १८. झडपांवर ‘निष्क्रिय’ असे आधीच छापून ठेवले होते. ते हीलिअम, निऑन आणि आरगॉन यांच्यापुरतेच ठेवून बाकीच्यांवरून काढले. आयनीभवन ऊर्जा हीलिअमपासून खाली २३७२, २०८१, १५२१, १३५१, ११७०, १०३७ अशी उतरते. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढल्याचे पाहिले, आणि झेनॉनची आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूच्या ऊर्जेइतकीच आहे हे लक्षात येताच तोच प्रयोग झेनॉनवर केला. त्यातून राजवायूचे पहिले संयुग मिळाले. ज्या आकड्यांच्या आधारे त्यांनी हे केले, ते सारणीत आधीपासून सर्वांसमोर होते.

शेवटचा चौकोन ओगानेसॉनचा, अणुक्रमांक ११८. क्रिप्टॉन उणे १५३, झेनॉन उणे १०८, रेडॉन उणे ६२ अंशांना उकळतो. रेषा सरळ लांबवली तर ओगानेसॉनचा उत्कलनांक उणे २० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे तो वायू असावा. सापेक्षतेचे परिणाम धरून केलेली गणिते मात्र तो सामान्य तापमानाला स्थायू असेल असे सांगतात. त्याचे मोजकेच अणू आजवर तयार झाले आहेत आणि ते एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळ टिकतात, त्यामुळे यातले खरे काय हे मोजून ठरवण्याइतका पदार्थ कोणाकडेच नाही. पाऱ्याने सरळ रेषेचा जो अनुभव दिला त्यावरून माझा कल गणिताकडे आहे, तरी झडपेवर दोन्ही अंदाज लिहिले आणि दोन्ही कसे काढले तेही खाली नोंदवले.